नदीपलीकडची घंटा

पूर्वी वेणुमती नदीच्या काठी, शोणनगरात धृतिमान नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व राजाच्या हत्तीशाळेतील गजाचार्यांच्या कुळात जन्माला आला आणि वडिलांच्या मागे स्वतः गजाचार्य झाला. शास्त्रे त्याने पुष्कळ वाचली होती. म्हणूनच की काय, कोणतीही गोष्ट ठामपणे सांगताना तो अडखळत असे. माहूत थट्टेने म्हणत, "आचार्यांना विचारलं की हत्तीला पाय किती, तर आधी खाली वाकून बघतील." बोधिसत्त्व हे ऐकून हसे, आणि खरोखरच वाकून बघे.

हत्तीशाळेला लागून माहुतांची वस्ती होती. तिथे दोन रिवाज फार जुने होते. धूसरा नावाची हत्तीण सगळ्या कळपाची आई मानली जाई. नवा माणूस कामावर आला की त्याच्या हातात उसाचे कांडे देऊन त्याला तिच्यापुढे उभे करीत. तिने ते घेतले तर माणूस चांगला. तिने सोंड फिरवली तर त्याने आल्या वाटेने परत जावे. दुसरा रिवाज घंटेचा. ज्या हत्तीच्या पायाखाली एकदा माणूस सापडला, त्या हत्तीला मारीत नसत. त्याच्या गळ्यात काशाची घंटा बांधून त्याला नदीपलीकडच्या रानात ओंडके ओढायला पाठवीत. ती घंटा जन्मभर उतरत नसे. हत्ती कितीही वर्षे शांत राहिला तरी माहूत "तो सुधारला" असे म्हणत नसत. "तो घंटेत आहे," असे म्हणत, आणि मायेने त्याला गूळ भरवीत.

बोधिसत्त्वाला मूलबाळ नव्हते. बहीण वारली तेव्हा तिचा मुलगा नंदक त्याने आपल्या घरी आणून वाढवला. नंदक मोठा होऊन माहूत झाला. हत्ती त्याच्यावर जीव टाकीत. धूसरा तर लांबून त्याची चाहूल लागताच सोंड उचले. हे बघून वस्तीतल्या लोकांनी आपली मुले हत्तीवर बसायला शिकावीत म्हणून त्याच्या हाती सोपवली.

दोर वळणाऱ्या बाईची मणिका नावाची मुलगी त्या मुलांत सर्वांत निडर होती. एके दिवशी तिने आईला जे सांगितले, ते सांगायला तिच्यापाशी पुरते शब्दही नव्हते. नंदकाने त्या लहान मुलीशी कुकर्म केले होते. आई रडत वस्तीत गेली, पण कोणी ऐकेना. लोक म्हणाले, "धूसरा त्याच्या हातून ऊस घेते. ती चुकेल, की हे पोर?"

बोधिसत्त्व मात्र मुलीसमोर जमिनीवर बसला आणि तिचे बोलणे संपेपर्यंत उठला नाही. त्याच दिवशी त्याने भाच्याला स्वतः राजापुढे नेले. चौकशीत कळले की मणिका ही पहिली नव्हती. राजाने नंदकाला दूर समुद्रकाठच्या मिठागरांवर पाठवले. मणिका त्यानंतर हत्तीवर चढेनाशी झाली. ती आईसारखी दोर वळू लागली, पुढे तिचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. हत्तीवर चढणारे लोक तिने वळलेले दोर धरून वर चढत, आणि ती खाली उभी राहून बघे.

वर्षे गेली. बोधिसत्त्व म्हातारा झाला. भाच्याने काय केले हे तो कधी विसरला नाही, आणि भाच्यालाही विसरला नाही. जेवायला बसताना तो सवयीने दोन पाने मांडी आणि मग एक उचलून ठेवी.

राजाला नातू झाला तेव्हा त्याने पुष्कळ बंदिवान सोडले. त्यांत नंदकही होता. राजाने बोधिसत्त्वाला बोलावून सांगितले, "त्याची शिक्षा संपली. वस्तीत त्याला घ्यायचं की नाही, ते तू ठरव."

"महाराज, तो माझा भाचा आहे. या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"असं म्हणणारा दुसरा कोणी मला सापडेना," राजा म्हणाला.

तिथे उभ्या असलेल्या अमात्याने सुचवले, "सोपं आहे. त्या मणिकेला विचारावं. तिने क्षमा केली तर प्रश्न मिटला."

"नको," बोधिसत्त्व म्हणाला. "एकदा त्या मुलीवर न पेलणारं ओझं टाकलं गेलं. आता दुसरं टाकू नका."

परंतु अमात्य हुशार होता, आणि हुशार माणसाला नको म्हटलेले ऐकू येत नाही. त्याने आपला माणूस मणिकेकडे पाठवलाच. ती तडक बोधिसत्त्वाच्या अंगणात आली. हाताला काथ्याचे तंतू चिकटलेले होते.

"आचार्य काका, अमात्यांचा माणूस आला होता. क्षमा केली म्हण, म्हणाला. मी म्हटलं, दोर वळतेय, हात मोकळे नाहीत."

"मी पाठवला नव्हता, मुली."

"ते कळलं मला. तुम्ही पाठवला असता तर तो आधी चपला काढून आत आला असता." ती पायरीवर बसली. "खरं सांगू? क्षमा एखाद्या दिवशी सकाळी असते, दुपारी नसते. तिच्यावर कुणाच्या घराचं दार टांगू नका."

"नाही टांगणार." बोधिसत्त्वही पायरीवर टेकला. "तुला स्वतःला काय हवं, हे विचारू का? नको वाटलं तर सांगू नकोस."

मणिका बोटांवरचा काथ्या सोलत राहिली. "तो कुठे आहे, हे मला कळत राहावं. एवढंच. मिठागर कुठे आहे ते मला माहीत नाही, काका. म्हणून तो मला सगळीकडे असल्यासारखा वाटतो. गोठ्यात, घाटावर, दाराआड. माझी पोर खेळायला गेली की मी दोर टाकून तिच्या मागे धावते. ती चिडते. म्हणते, आई, तू माझी शेपूट आहेस का?"

एवढे बोलून ती उठली आणि गेली.

पुढे काही दिवसांनी नंदक आला. मिठाने त्याची कातडी फाटली होती आणि केस पांढरे झाले होते. पिंगल नावाच्या थोरल्या माहुताला त्याची दया आली. पिंगल मनाचा भोळा आणि रिवाजाचा पक्का. त्याने नंदकाच्या हातात उसाचे कांडे दिले आणि त्याला सरळ धूसरेपुढे नेले. वस्ती गोळा झाली.

धूसरा आता आंधळी झाली होती. तिने सोंड पुढे केली. नंदकाचे खांदे, मान, कपाळ तिने हळूहळू चाचपले. मग तिच्या पोटातून एक खोल गुरगुर निघाली आणि तिने त्याच्या हातातले कांडे घेऊन तोंडात घातले. माहूत डोळे पुसू लागले. नंदक तिच्या पायाला मिठी मारून रडू लागला.

"झालं, आचार्य," पिंगल म्हणाला. "आता काय उरलं? चल रे नंदका, पाय धू. मामाच्या घरी पान मांडून ठेवलंय."

बोधिसत्त्वाचे मन भरून आले. ते दुसरे पान उचलून ठेवावे लागणार नाही, या एका विचाराने त्याचे पाय घराकडे वळू लागले. जे इतकी वर्षे हवे होते ते हातभर अंतरावर होते, आणि सगळी वस्ती ते त्याला देऊ करीत होती. याच गोष्टीची त्याला भीती वाटली.

त्याने विचारले, "पिंगला, त्या वर्षी धूसरेने याच्या हातचा ऊस नाकारला होता का?"

पिंगलाने नकारार्थी मान हलवली.

"रोज घेत होती. ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशीही घेतला असेल. ती हत्तीण आहे. हा हत्तींशी कसा वागतो, तेवढंच तिला ठाऊक. हत्तींशी हा कधीच वाईट वागला नाही."

मग तो नंदकाला घेऊन नदीच्या घाटावर गेला. दुपारची वेळ होती, घाटावर कोणी नव्हते. दोघे पायरीवर बसले.

"मी बदललो, मामा," नंदक म्हणाला. "इतक्या वर्षांत माझ्या हातून काही घडलं नाही."

"मिठागरावर मुलं होती का?"

"नाही."

"मग तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही."

नंदकाने मान खाली घातली.  मग तो पाण्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "येताना एका गावच्या विहिरीवर मुलं खेळत होती. मी पाठ फिरवून बसलो. पाणी न पिता पुढे निघालो. मामा, ते मेलेलं नाही. निजलेलं आहे. मला त्याची भीती वाटते."

"आज तू पहिल्यांदा खरं बोललास," बोधिसत्त्व म्हणाला. त्याचा हात भाच्याच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मला घरी यायचंय हो. मिठागरावर डोळे मिटले की मला ओल्या हत्तीचा वास यायचा. तेवढ्यावर जगलो."

"ठाऊक आहे. मलाही तू घरी हवा आहेस. पण त्या घराच्या दारात मुलं खेळतात. तुझी ओढ खरी आहे, माझी ओढ खरी आहे. आणि दोन खऱ्या गोष्टी मिळून एका मुलीचा घात होऊ शकतो."

पलीकडच्या तीरावरून वाऱ्याबरोबर एक मंद नाद आला. नंदकाने कान टवकारले. "घंटेतले हत्ती अजून आहेत?"

"तीन आहेत. त्यांच्याकडे जायला माहूत तयार होत नाही."

"वस्तीत ऐकू येते घंटा?"

"वारा असला तर येते. हत्ती कुठे आहे ते बायकांना कळतं. सरपणाला त्या दुसरीकडे जातात."

नंदक उठून उभा राहिला. "मग मला एक द्या."

 "नंदका, हत्तीला आपण घंटा बांधतो तेव्हा त्याला विचारत नाही, कारण त्याला दोष लागत नाही. तुला लागला होता."

"लागला होता. म्हणून तर मागतोय." मग तो थांबून म्हणाला, "पण मला तिथे एकटं सोडू नका. एकटा असलो की मी स्वतःशी खोटं बोलतो."

त्या दिवशी बोधिसत्त्वाने गजाचार्याचा अंकुश पिंगलाच्या हाती दिला. नंदकाबरोबर पलीकडे राहायला जाण्याआधी त्याने दोन गोष्टी ठरवल्या. माणूस पारखण्यासाठी धूसरेपुढे ऊस धरायचा नाही. तिला ऊस खायला द्यावा, न्याय करायला देऊ नये. आणि शिकवणारा कितीही चांगला असो, मूल त्याच्यासोबत कधी एकटे असू नये. दुसरे कोणी मोठे माणूस तिथे असलेच पाहिजे.

पिंगलाला हे लागले. "म्हणजे गजाचार्यावरही विश्वास नाही?"

"माझा तुझ्यावर आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "माझा नंदकावरही होता."

मग मामा-भाचे नावेत बसून पलीकडे गेले. तिथे एका झोपडीत ते राहिले आणि घंटेतल्या हत्तींची सेवा करू लागले. नंदकाने काशाची घंटा दोराने कमरेला बांधली होती. तो दोर मणिकेने वळलेला होता. तिने तो बोधिसत्त्वाच्या हाती देताना एवढेच म्हटले होते, "गाठ पक्की बसते याची."

पलीकडून वस्ती दिसे. संध्याकाळी चुलींचा धूर वर चढे, गुऱ्हाळाचा गोड वास पाण्यावरून येई. हत्ती आंघोळीला उतरले की मुलांचा कल्लोळ ऐकू येई. त्या वेळी नंदक नदीकडे पाठ करून बसे. बोधिसत्त्व तोंड करून बसे, आणि आपल्या घराचे छप्पर कोणते ते ओळखण्याचा प्रयत्न करी. डोळे अधू झाल्यावर त्याला ते ओळखू येईना, तरी तो तिकडेच बघे. नंदक बरा झाला आहे का, असे तो मनाशी पुष्कळदा विचारी. उत्तर कधी होय येई, कधी नाही. त्याला ते शेवटपर्यंत कळले नाही. मात्र रोज सकाळी उठल्यावर तो नंदकाने बांधलेली गाठ हाताने तपासून बघे, आणि नंदक त्याला ती तपासू देई.

एके दिवशी सकाळी वारा वस्तीकडे वाहत होता. मणिका अंगणात दोर वळत होती. नंदकाची घंटा वाजली, हत्तींच्या घंटांहून बारीक, लांब, नदीच्या पलीकडे. ती ऐकत राहिली. मुलगी खेळायला धावली होती, पण मणिका तिच्या मागे उठली नाही. पुष्कळ वेळाने ती उठली ती हत्तीशाळेत गेली आणि पिंगलाला म्हणाली, "भाऊ, धूसरेला जरा बसव. हसलास तर याद राख."

पिंगल हसला नाही. त्याने धूसरेला बसवले. मणिकेने स्वतः वळलेला दोर धरला आणि वर चढली. मग मुलीला वर ओढून पुढ्यात घेतले. आंधळी हत्तीण सावकाश उठली, सवयीच्या वाटेने घाटावर गेली, आणि पाण्यात पाय पडताच तिने सोंड उंच करून मोठा चीत्कार केला.

पलीकडे बोधिसत्त्वाने कपाळावर हात धरून बघितले. चेहरे त्याला दिसले नाहीत. पण पाठीवरचे माणूस कोणत्या ढबीने बसले आहे, ते त्याने ओळखले. ती ढब त्याने फार पूर्वी, एका लहान मुलीच्या अंगी पाहिली होती.

पाठ करून बसलेल्या नंदकाने विचारले, "धूसरेचा आवाज. कोण बसलंय तिच्यावर?"

बोधिसत्त्वाने उत्तर दिले नाही.

नंदकाने पुन्हा विचारले नाही.  तो उठला आणि रानाच्या आतल्या बाजूला चालू लागला, घंटा आणखी लांबून ऐकू जावी म्हणून.

ही कथा सांगितली गेली त्याचे कारण असे. विहारात उत्तिय नावाचा एक वृद्ध भिक्खू होता. तो भिक्षेला कधी एकटा जात नसे, सोबत कोणी नसेल तर उपाशी राही, आणि जिथे मुले खेळत असतील तिथून आपले आसन उचलून लांब नेई. तरुण भिक्खू त्याची टिंगल करीत आणि म्हणत, "म्हाताऱ्याला पोरांचं भय वाटतं." ते शास्त्याच्या, म्हणजे बुद्धाच्या, कानी गेले, म्हणून त्याने ही कथा सांगितली.

कथा संपल्यावर एका भिक्खूने विचारले, "भन्ते, तो नंदक शेवटी बरा झाला का?"

शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, तो नदीपलीकडे राहिला. त्या काळचा नंदक म्हणजे हा उत्तिय. या जन्मी त्याच्या हातून तसे काही घडलेले नाही, तरी गाठ तपासायची त्याची सवय सुटलेली नाही. घर अजून लांब आहे. त्याने वाट सोडलेली नाही. मणिका म्हणजे आज मुलींना निर्भयपणे शिकवणारी ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी सुविमला. पिंगल म्हणजे तुमच्यातला तो, ज्याने पहिली टिंगल केली. तो तेव्हाही भोळाच होता. आणि भाच्यासाठी आपले घर सोडून, त्या घराकडे बघत म्हातारा झालेला गजाचार्य मीच होतो."

एवढे बोलून त्याने सांगितले की दुष्कृत्य करणाऱ्याला टाकून न देणे आणि दुर्बळाच्या दारावरून नजर न काढणे, ही दोन्ही मिळूनच करुणा होते. अशी करुणा डोळे मिटून झोपत नाही. त्या दिवसापासून उत्तिय भिक्षेला निघाला की कोणीतरी तरुण भिक्खू न बोलता त्याच्या बरोबर चालू लागे.