चिचधऱ्याचे खरे झालेले दूध

चिचधरा या गवळ्यांच्या गावात शिरताना वेशीबाहेर एक बुटका, पांढुरका दगड लागतो. त्याला शेंदूर नाही, हार नाही. सकाळी रानात जाणाऱ्या गायी थबकून तो चाटतात आणि पुढे जातात. हा कुठला देव, असे पाहुण्यांनी विचारले की गावातले म्हातारे गवळी लहानूजी अवथळे ताडकन म्हणतात, "देव कायचा बाप्पा! आमची लाज हाय थे." मग पुढचे सांगतात.

फार पूर्वी, सडका नव्हत्या तेव्हा, लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून या वाटेने जात. त्या काळी चिचधऱ्याच्या पांढऱ्या गायींचे दूध साऱ्या मुलखात नावाजलेले होते. निरसे दूध मडक्यात नुसते ठेवले तरी सकाळी वर भाकरीएवढी जाड साय धरायची, असे सांगतात. घराघरात दही, लोणी, तूप. गाय व्याली की चीक कासांडी भरभरून सोयऱ्यांकडे जायचा. गवळणींना या दुधाचा मोठा ताठा होता, आणि त्या ताठ्यापायी काही नेम होते. दिवेलागणीनंतर निरसे दूध उंबऱ्याबाहेर द्यायचे नाही. दिले तर गाय आटते. आणि 'दूध नाही' असे तोंडाने कधी म्हणायचे नाही. म्हटले तर लक्ष्मी ते ऐकते. मग दारी आलेल्याला परतवून कसे लावायचे? त्यासाठी एक सोयीचा शब्द ठरून गेला होता. 'नासलं.' गावात सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. बाहेरच्यांना नव्हता.

एका संध्याकाळी तांड्यातली सोमली नावाची म्हातारी गावात आली. तिची सून बाळंतपणात वाटेतच गेली होती आणि तान्हा नातू तिच्या ओढणीत होता. तांड्यात सगळे बैलच. दुभते जनावर एकही नाही. पोराने आता रडणेही सोडले होते. ती पहिल्याच घरी, पाटलीण गयाबाईच्या दारात उभी राहिली. आत धार काढून नुकतीच झाली होती. भरल्या कासांडीवरचा फेसही अजून बसला नव्हता, म्हणे.

"माय, पोराले घोटभर दूध दे वो."

गयाबाईने तुळशीपुढे लागलेल्या दिव्याकडे पाहिले. "नासलं वो बाई आजचं."

"नासलं तं नासलं. वरचं पाणी गाळून दे. थेच पाजते."

"ओतलं ना उकिरड्यावर! जाय, पुढच्या घरी पाय."

पुढच्या घरीही नासले होते. त्याच्या पुढच्या घरीही. एक गवळण तर शेजारणीला हसून म्हणाली, "पाय वो, आज आख्ख्या गावाचंच नासलं!" ते सोमलीने ऐकले, आणि तिचा चेहरा उतरला.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. जत्रेत विकल्या जाणाऱ्या चोपड्यांत लिहितात, की सोमलीने गावाला शाप दिला. हे धादांत खोटे आहे, आणि ते कुणाच्या सोयीचे आहे तेही उघड आहे. शाप म्हटला की गाव बिचारे ठरते आणि म्हातारी चेटकीण. चिचधऱ्याचा माणूस असे कधीही सांगणार नाही. तो सांगतो, की सोमलीने गावाचा शब्द खरा मानला.

एवढ्या गावाचे दूध एकदम नासले म्हणजे कुणाची तरी नजर लागली, असे तिला वाटले. वेशीबाहेर येऊन तिने कमरेच्या पिशवीतून मिठाचा खडा काढला, गावावरून ओवाळला आणि म्हणाली, "याईच्या घरीही लेकरं असतीन. याईचं दूध नीट होऊ दे." खडा तिथेच ठेवून ती नातवाला घेऊन तांड्याकडे निघून गेली. तोच हा दगड, असे सांगतात.

सकाळी बायका धारा काढायला बसल्या, तर कासांडीत पडता पडता दूध फाटू लागले. गाठी आणि हिरवट पाणी. चाखले तर खारट. वासरे मात्र तेच दूध आचळाला लागून खुशाल पीत होती. ते पाहून गयाबाई समजली, की काल खोटाच सांगितलेला शब्द खरा झाला. तिने गाय सोडली आणि गाय-वासरू घेऊन ती तांड्याच्या वाटेने धावत सुटली. मागोमाग बाकीच्या बायका.

तांडा डोंगराच्या पायथ्याशी उतरला होता. सोमली एका लहानशा ढिगाऱ्यावर माती थापटत बसली होती. बायकांना पाहून ती उठली, हात ओढणीला पुसले आणि काळजीने विचारले, "आल्या का वो? झालं का तुमचं दूध नीट?"

 गयाबाईने होकाराची मान हलवली. "बरं झालं माय," असे म्हणून सोमलीने तिच्या गायीच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच दिवशी तांडा पुढे गेला.

"पोर गेलं, त्याचं पाप तं हायेच," लहानूजी म्हणतात. "पन म्हातारी आमाले भले मानसं समजून गेली. येकीनंही तिले खरं सांगतलं नाई. थे जास्त जाळते."

परतल्यावर गावाने दिवेलागणीचा नेम मोडला, तेव्हा कुठे दूध पुन्हा गोड निघाले, म्हणे. आता कोणत्याही वेळी कुणीही दारात आले तरी निरसे दूध मिळते. पाहुण्यांनाही बाटली भरून देतात, घरी नेऊन उकळायला बजावून. आणि 'नासलं' हा शब्द त्या गावात उरलेला नाही.

आजही उन्हाळ्यात कुणाचे दूध फाटले, की ती बाई ओसरीवर येऊन म्हणते, "आमचं दूध खरं झालं वो." शेजारीण काही विचारत नाही. आपल्या घरचे दूध आणून तिच्यापुढे ठेवते. देताना आणि घेताना दोघींच्याही माना खाली असतात.