बंद पाळण्याची दुपार

खूप जुन्या काळी नदीकाठच्या माळावर एका कोल्ह्याची जत्रा भरायची. राणोजी बैल मोठा पाळणा ओढायचा आणि म्हातारी उंटीण रेवा पिल्लांना पाठीवर फिरवायची.

म्हातारा कोल्हा वारला. त्याच्या मुलाने दुपारची विश्रांती बंद केली, चाराही निम्मा केला. एके सकाळी लंगडणारा राणोजी कामाला उठलाच नाही. त्याच्यापाठोपाठ सगळ्यांनी काम थांबवलं.

तरुण कोल्हा हळूच रेवापाशी आला. "आजी, तुम्ही तेवढ्या उठा. तुम्हाला दुप्पट चारा देतो."

"तुझे वडील दुपारी आमच्यात येऊन बसायचे रे," रेवा म्हणाली. "त्या दिवसांच्या आठवणीवर मी इतकी वर्षं चालले. आता एकटी नाही उठणार."

कोल्ह्याने चिडून स्वतःच पाळणा ओढायला घेतला. चार फेऱ्यांतच त्याला धाप लागली. आत बसलेली सशाची पिल्लं ओरडत होती, "आणखी! आणखी!"

त्याने पिल्लांना उतरवलं आणि तो राणोजीशेजारी मटकन बसला.

"चारा पहिल्याइतका देईन. दुपारी पाळणाही बंद," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आजी, बाबा इथं बसून काय बोलायचे?"

रेवा सांगू लागली. ऊन कललं तरी कोल्हा उठला नाही.