गुहेवरचा शब्द

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मोजणारे सगळे केव्हाच गेले. एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला एकाच गोष्टीची भारी भीती होती. डोंगराच्या पोटात एक गुहा होती. तिच्या तोंडावर जुन्या भाषेतला एक शब्द कोरलेला होता. आतून बारा महिने गार वारा येई. लोक म्हणत, हा मरणाचा श्वास आहे.

जुन्या भाषेलाही गाव भिऊन असे. पोरगं जेवायला नखरे करू लागलं की आई म्हणे, "गिळतोस, की बोलू मेलेल्यांच्या भाषेत?" पोरगं मुकाट्यानं घास गिळी.

वर्षातून एकदा झाडून सारं गाव गुहेसमोर जमे. एका ठरलेल्या घरातला माणूस पुढे होई आणि तो शब्द मोठ्यानं म्हणे. आधी "अत्रा!" मग ढोलावर एक ठोका. मग "मृतम्!" इथे मरण आहे, असा त्याचा अर्थ गाव सांगे. शब्द बरोबर म्हटला की मरण वर्षभर आत गप्प बसतं, चुकला की बाहेर येतं, अशी सगळ्यांची खात्री. त्या एका माणसाशिवाय गुहेजवळ कुणी फिरकायचं नाही. ढोलवालासुद्धा लांब चिंचेखाली उभा राही.

हे काम गिरजाच्या बापाचं. त्या वर्षी तो वारला आणि काम गिरजाच्या गळ्यात पडलं. एवढीशी पोर! पाटील म्हणाले, "उच्चार चुकला तर गावावर बेतेल," आणि त्यांनी तिला शास्त्रीबुवांकडे धाडलं. जुनी भाषा जाणणारे गावात ते एकटेच, आणि त्यांना शिष्य मात्र एकही नाही. मेलेल्यांची भाषा शिकायला कोण येतंय?

पहिल्या दिवशी गिरजा उंबऱ्यातच बसली. वेळ आलीच तर पळता यावं म्हणून.

"आत ये गं, ही भाषा चावत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मेलेले बोलतात ना ही?"

"अगं, मेलेले काही बोलत नाहीत, तीच तर पंचाईत आहे! ही जिवंत माणसांची भाषा. तुझ्या पणजीच्या पणजीनं लेकराला 'जेव रे' म्हटलं असेल, ते हिच्यातच."

गिरजा जरा आत सरकली. मग रोज थोडी थोडी सरकत गेली. शास्त्रीबुवांनी तिला सांगितलं, की या भाषेत शब्द एकमेकांत मिसळून जातात, दोन 'अ' भेटले की त्यांचा एक 'आ' होतो, आणि शेंगेतून दाणे काढावेत तसे ते सोडवून घ्यायचे असतात. ते सोडवणं पोरीला इतकं आवडलं, की भाकरी थापतानाही ती शब्द पुटपुटे. आई धसकून म्हणे, "बाई गं, चुलीपुढं तरी नको!"

गुहेची भीती मात्र गेली नव्हती. ती दिवस जवळ येईल तशी वाढतच होती.

त्यातच पावसानं पाठ फिरवली. झरा आटला, विहिरींचे तळ दिसू लागले. आधी गुरं मेली, मग माणसं मरू लागली. गिरजाचा धाकटा भाऊ म्हादू तापानं निपचित पडला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. "आक्के, पाणी," एवढंच म्हणे. आई ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपायची. मग फडकं भिजवायलाही पाणी राहिलं नाही.

अशात तो दिवस उगवला. आई म्हादूला खांद्यावर टाकून चिंचेखाली उभी राहिली. गिरजा एकटी गुहेपाशी गेली. तिनं मान वर करून तो शब्द जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"अत्रा!" ती ओरडली. ढोलावर ठोका पडला.

आणि गिरजा गप्प झाली. जिथं ढोल वाजला, तिथं दगडावर मोकळी जागाच नव्हती. अक्षराला अक्षर चिकटून होतं: अत्रामृतम्.

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पाटील ओरडले, "म्हण पोरी, म्हण! मरण सुटेल!"

"शास्त्रीबुवा," गिरजाचा आवाज चिरकला, "शब्द जोडलेला आहे! मध्ये काहीच नाही!"

शास्त्रीबुवा मटकन खालीच बसले. "जोडलेला? मी तर लहानपणापासून ढोलासकटच ऐकत आलो गं... मग सोडव! दोन 'अ' काढ त्यातून!"

"अत्र," गिरजा म्हणाली, "अमृतम्."

इथे अमृत आहे!

"मंत्र उलटा केला! घात केला!" बायाबापड्या रडू लागल्या. कुणीतरी दगड उचलला. गिरजानं मागं पाहिलं. म्हादूची मान आईच्या खांद्यावरून खाली लोंबत होती. ती वळली आणि गुहेत शिरली.

बाळांनो, ओसरीवर बसून शब्द सोडवणं वेगळं आणि त्याच्या भरवशावर अंधारात पाय टाकणं वेगळं. आत काही दिसत नव्हतं. पायऱ्या खाली खाली जात होत्या. शास्त्रीबुवा चुकले असतील तर? साऱ्या गावाचंच खरं असेल तर? ती भिंतीला धरून "अत्र अमृतम्, अत्र अमृतम्" म्हणत उतरत राहिली. एकाएकी गारठ्यानं तिचा पाय धरला, आणि ती किंचाळली.

बाहेर ती किंकाळी ऐकून सारं गाव पळत सुटलं. म्हादूला घेतलेली आई जागची हलली नाही, शास्त्रीबुवांना उठवेना, आणि पाटील पाटीलपणाच्या लाजेनं थांबले.

थोड्या वेळानं गिरजा बाहेर आली. गळ्यापर्यंत भिजली होती. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. ओढणी म्हादूच्या तोंडावर धरून पिळली. पहिले थेंब ओघळून गेले. मग त्याच्या घशाची घाटी हलली.

पाटलांनी ओढणीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. गोडं पाणी. एवढा मोठा माणूस जमिनीवर कोसळला.

"माझी लेक चिमी," ते म्हणाले, "मागच्या दुष्काळात याच चिंचेखाली गेली हो. पाणी पाणी करत होती. गार वारा येतोय तिकडं न्या म्हणत होती. मी तिला दटावून गप्प केलं."

मग ते उठले आणि पळालेल्या गावाला घागरी घेऊन यायला हाका मारू लागले.

गाव जगलं. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांची ओसरी पोराटोरांनी भरून गेली. लोकांची भीती गेली म्हणता? छे! आता त्यांना वेगळीच धास्ती पडली होती, की आणखी कोणते शब्द आपण असेच चुकीचे म्हणत आलो आहोत. पाटील सगळ्यांच्या मागे बसत. उच्चार चुकला की पोरं फिदीफिदी हसत, आणि पाटील खाली मान घालून तोच शब्द पुन्हा म्हणत.

तात्पर्य: पूर्वजांच्या शब्दाला नुसतं भिऊ नये, तो शिकून समजून घ्यावा, नाहीतर माणूस पाण्याच्या दारात तहानेनं मरतो.