अरिंजयाचं कपाट

"...म्हणजे ही तलवारी-जादूटोण्याची पुस्तकं तुम्ही स्वतः वाचलीत, नाना? सगळी?"

"सगळी. काही तर चार-चारदा."

विचारणारा निरंजन सावरगावकर. याच वाचनालयात ग्रंथपाल नानांच्या हाताखाली वाचायला शिकला, आता कॉलेजात प्राध्यापक. कपाटं रिकामी करायला समितीने त्यालाच पाठवलं होतं. नियम सोपा होता. फाटकी आधी.

बाहेर रद्दीचा टेम्पो उभा होता. मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो, म्हणजे वाचायचं सोंग करत होतो.

फाटकी निघाली ती सगळी एकाच कपाटातली. द. ना. पोफळ्यांच्या एकशेबारा कादंबऱ्या. नायक अरिंजय, वैरी धूम्रकेत जादूगार, आणि प्रत्येक मुखपृष्ठावर एक भलीमोठी तलवार. कडा वाचणाऱ्यांच्या बोटांनी काळ्या पडलेल्या.

"तुझं समीक्षेचं पुस्तक मात्र राहणार हो," नाना म्हणाले. "अगदी कोरं करकरीत आहे."

निरंजनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"कोण होते हो हे पोफळे?"

"दवाखान्यात कंपाउंडर. औषधाच्या पुड्या बांधता बांधता लिहायचा. तालुक्याबाहेर कधी गेला नाही, पण समुद्रावरचं वादळ असं लिहायचा की वाचताना मी खुर्ची घट्ट धरायचो. मला फार आवडतो रे हा माणूस. हे कपाट गेलं तर मला इथे यावंसं वाटणार नाही."

"नाना, प्रेम वेगळं, साहित्य वेगळं."

"असेल बुवा. तू शिकलेला." त्यांनी गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढलं. मलमलीच्या पट्ट्या लावून, खळीने चिकटवून नऊ वेळा बांधलेलं. "एक पान मोठ्याने वाच. वाईट कुठे आहे ते दाखव. मग मी स्वतः टेम्पोत नेऊन टाकतो."

निरंजन हसला. मधलंच एक पान उघडून त्याने नाटकी आवाज लावला.

"'अरिंजयाने तलवार उपसली नाही. उपसणार कशी? त्याचा उजवा हात सकाळीच दगडाचा झाला होता.' बघा! म्हणे दगडाचा!"

"हं. पुढे."

"'जिना उतरत धूम्रकेत येत होता. दिवा त्याच्या मागे होता, तरी पायऱ्यांवर त्याची सावली पडत नव्हती.' अहो, काय हा पोरकटपणा!"

"पुढे."

"'अरिंजयाने दगडी हात डाव्या हाताने उचलून छातीशी धरला. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच घाबरला होता, आणि घाबरल्याची त्याला लाज वाटत नव्हती...'"

या वेळी नानांना 'पुढे' म्हणावं लागलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला.

"'धूम्रकेत शेवटच्या पायरीवर थांबला. माझी सावली शोधतोस? तो म्हणाला...'"

पुन्हा हॉर्न.

"अरे थांब ना जरा!" निरंजन खिडकीकडे बघून ओरडला. नाटकी आवाज केव्हाच गेला होता. "'माझी सावली शोधतोस? ती माझ्या आधीच खाली आली आहे. मघापासून ती तुझ्या मागे...'"

पान संपलं. तो पुढचं उलटणार, तोच नानांनी हात पुढे करून पुस्तक त्याच्या हातातच मिटवलं.

"बास. पटलं मला," ते म्हणाले. "अगदीच टाकाऊ आहे."

मिटलेलं पुस्तक निरंजनने सोडलं नाही.

नानांनी शांतपणे सुतळी घेतली. गठ्ठ्याभोवती एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि त्या पुस्तकासाठी हात पसरून उभे राहिले.

"नाना..."

"दे की."

निरंजन जागचा हलला नाही. नाना त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"आधी पानातलं बोट काढ, निरंजन."