नकाशावरचा लाल ठिपका

माणदेशातल्या एका गावात सदोबा गळवे नावाचा डाळिंबाचा बागाईतदार राहत होता. हात लावील ते झाड बहरावं, अशी त्याची ख्याती होती.

एकदा कृषी महाविद्यालयातल्या मेघनाताई गावात आल्या. त्यांनी मोबाइलवर गावातल्या साठही बागांचा नकाशा मांडला. "झाडावर तेल्या रोगाचा डाग दिसला की आपल्या बागेवर लाल ठिपका द्या," त्या म्हणाल्या. "वारा, पाऊस आणि तुमचे ठिपके जुळवून रोग पुढे कुठं जाणार, ते हा नकाशा चार दिवस आधी सांगेल."

लोक कचरू लागले. बाग रोगट आहे असा बोभाटा झाला, तर व्यापारी फिरकणार नाही! पण सदोबा पुढे झाला. "नकाशाला कुठले डोळे? बघायचं आपणच," म्हणत त्याने घरोघर जाऊन सगळ्यांना तयार केलं.

आश्विनात दोन दिवस झड लागली. ती उघडली आणि सदोबाला बांधालगतच्या पाच झाडांवर तेलकट, काळे डाग दिसले. आठवड्याने व्यापारी बाग बघायला येणार होता. 'पाचच तर झाडं आहेत,' त्याने मनाची समजूत घातली. रोगट फांद्या गुपचूप छाटून जाळल्या. फोन मात्र खिशातून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर आला. पलीकडे पूर्वेला, वाऱ्याच्या वाटेवर, केराबाईची बाग होती. ती निवांत गवत काढत होती.

"केराक्का, फवारणी नाही केली?"

"कशाला, भाऊ? नकाशा हिरवागार आहे. तुझ्याच बागेत काही नाही, तर माझ्याकडं कुठनं येणार?"

सदोबाने मागे वळून आपल्या पाच झाडांकडे पाहिलं. नकाशा खोटं बोलत होता, आणि ते खोटं त्याने स्वतः शिकवलं होतं. त्याने तिथेच फोन काढला आणि आपल्या बागेवर लाल ठिपका दिला. बघता बघता पूर्वेकडच्या सगळ्या बागा नकाशावर पिवळ्या, म्हणजे धोक्याच्या, झाल्या.

"अक्का, गवत राहू दे. आधी पंप काढ," तो म्हणाला.

लाल ठिपक्याची बातमी व्यापाऱ्यापर्यंत पोचली आणि दुपारपर्यंत त्याचा निरोप आला, "यंदा तुमच्याकडं येत नाही." संध्याकाळी गाव चावडीवर जमलं. सदोबा उभा राहिला.

"डाग मला कालच दिसले होते. मी एक दिवस लपवले. चूक माझी आहे."

मग म्हातारे ज्ञानू माने काठी टेकत उठले. "तू एक दिवस लपवलेस, सदू. मी आठ दिवस लपवलेत." त्यांनी नातीला हाक मारली, "पोरी, आपल्या बागेवर ठिपका दे."

पाठोपाठ एकेक फोन खिशातून निघाला. चावडी उठण्याआधी नकाशावर नऊ ठिपके पडले होते. मेघनाताई फोनवर म्हणाल्या, "आता खरा नकाशा हाती आला. रोग ओढ्याच्या दिशेने निघालाय. उद्या उजाडताच तिथल्या बागांपासून सुरुवात करा."

चार दिवस सगळं गाव एकदिलाने राबलं. नकाशा दाखवील तिथे लोक फांद्या छाटत होते, जाळत होते, मोरचूद-चुन्याचं पाणी फवारत होते. सदोबाची चाळीस झाडं गेली. केराबाईची दोनच गेली. ओढ्यापलीकडच्या बागांत तेल्याचा एक डागही पोचला नाही.

सदोबाचा माल त्या वर्षी स्वस्तात गेला, पण त्याची मान ताठ होती. आणि गावात एक नवी रीत पडली. झाडावर डाग दिसला की माणसं आधी फोन काढू लागली, मग कात्री.

तात्पर्य: झाकलेला दोष गावभर पसरतो, उघड केलेला बांधावरच अडवता येतो, आणि पहिलं खरं बोलणारा फार वेळ एकटा राहत नाही.