खिंडीतली धाकटी वाट

फार जुन्या काळी एका रानात उन्हाळ्यात पाणी उरायचं ते फक्त खिंडीपलीकडच्या डोहात. खिंडीतून दोन वाटा जात. मोठीवर सगळ्या जनावरांची चेंगराचेंगरी असायची. धाकटी वाट मात्र राखीव होती. जो पाठीवर दुसऱ्या कुणाला घेऊन येईल, त्यानेच तिच्यावरून जावं. जांभी अस्वलीण रोज एका लंगड्या सशाला घेऊन तिथून जायची.

रानाचा कारभारी सांबर भला होता. धाकटी वाट अर्धी रिकामी राहते आणि मोठीवर जनावरं उन्हात खोळंबतात, हे त्याला बघवेना. त्याने दवंडी दिली, "जो वाटेच्या तोंडाशी चार आंबे ठेवील, त्याने एकट्यानेही धाकट्या वाटेने जावं."

थोडे दिवस गर्दी खरंच ओसरली. मग एका सकाळी, रोज दोन म्हाताऱ्या कासवांना पाठीवर आणणारा रानडुक्कर जांभीला एकटाच भेटला.

"तुझी कासवं कुठं आहेत रे?" तिने विचारलं.

"चार आंब्यांत काम होतं, मावशी. मग ओझं कशाला वाहू?"

हळूहळू सगळ्यांच्याच पाठी रिकाम्या झाल्या आणि धाकटी वाटही तुंबली. मोठ्या वाटेवर ती दोन म्हातारी कासवं खुरांखाली येता येता वाचली. जांभीने त्यांनाही सशाशेजारी घेतलं आणि धापा टाकत सांबराला गाठलं.

"कारभारी, तुमचा हेतू चांगला होता. पण तुम्हाला आंब्यांचा ढीग दिसतो, पाठीवरून उतरवलेले दिसत नाहीत."

सांबराने तिच्या पाठीवरची कासवं पाहिली. मग तो तिच्यापुढे गुडघे टेकून बसला.

"कासवं माझ्या पाठीवर द्या, जांभीबाई," तो म्हणाला. "आधी यांना पाणी पाजू, मग वाटेचं बघतो."