सोनेरी काळविटाचे कातडे

एका राज्यात निंबाजी नावाचा कातडे कमावणारा राहत असे. तळ्यावर येणारा सोनेरी काळवीट त्याच्याशी माणसासारखा बोले, रानातली खबरबात सांगे. पण त्याच्या पाठीची झळाळी पाहिली की निंबाजीचे हात शिवशिवत. असले कातडे एकदा तरी आपण कमावावे! म्हणून राजाने सिंहासनासाठी सोनेरी कातडे मागताच त्याने तळ्याची वाट दाखवली.

राजाचा बाण लागला. मरता मरता काळवीट बोलला, "राजा, माझे कातडे तुला लाभेल. तुझे मात्र तुला जड होईल."

त्याच दिवशी राजाचे अंग वाळल्या कातड्यासारखे ताठ झाले. राज्यातल्या पाणी काढायच्या आणि वाहायच्या साऱ्या चामडी मोटा, पखाली तडकल्या. विहिरी भरलेल्या, पण पाणी वर येईना. पिके करपली, लेकरे तहानली.

राजमांत्रिकाची मैना म्हणाली, "तीन प्राण्यांनी राजीखुशीने दिलेल्या तेल-चरबीने ते कातडे मऊ करावे आणि राजाला पांघरावे."

निंबाजी निघाला. तळ्यातल्या म्हाताऱ्या माशाने ओंजळभर तेल ओकून दिले. मरणाला टेकलेला रानडुक्कर म्हणाला, "थांब थोडा. मी गेलो की चरबी घे." तिसरी भेटली काळविटाची हरिणी.

"माझ्या दुधाचे लोणी? त्याच्या कातड्याला?"

"होय, बाई."

"वाट कोणी दाखवली?"

निंबाजीने मान खाली घातली. "मी."

हरिणीने पाडसाला जवळ ओढले. मग म्हणाली, "दूध पाडसाच्या वाटणीचे आहे. लोक तहानलेत म्हणून देते. तुझ्यासाठी नाही."

निंबाजीने कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवले आणि केस खरवडले. केसांबरोबर सोने गळून गेले. खाली निघाले ते कुठल्याही हरणाचे असते तसे पांढुरके कातडे. तो तिथेच मटकन बसला. एवढ्यासाठी?

मग उठला. आधी तेल चोळले, पायांनी तुडवले, उन्हात धरले. मग चरबी, शेवटी लोणी. सातव्या दिवशी कातडे रेशमासारखे मऊ झाले. राजाने ते पांघरले आणि त्याचे अंग सैल झाले. मोटा मऊ झाल्या, पाटांना पाणी आले. राजाने शिकार कायमची बंद केली.

"निंबाजी, काय हवे ते माग."

"मागण्याजोगे काही उरले नाही, महाराज."

तो तळ्यावर गेला. हरिणी पाडसाला घेऊन पाणी पीत होती.

"बाई," त्याने हाक मारली.

तिने मान वर करून पाहिले, पाडसाला पुढे घातले आणि रानात निघून गेली. तेव्हापासून त्या राज्यात पाण्याला तोटा नाही, पण एकही जनावर माणसाशी बोलत नाही.